गंगीची घागर भरून देऊ नका!

जुनी, गाजलेली गोष्ट दुसऱ्याच पात्राच्या तोंडून पुन्हा सांगायची, हा प्रकार आता आपल्याकडे चांगला रुळला आहे. शाळेत मुलांना तसा उपक्रम मिळतो, एकांकिका स्पर्धांत तशी नाटके येतात, विहारातल्या मुलांच्या वर्गातही कुणीतरी हौसेने तसा प्रयत्न करून पाहतो. बहुतेक वेळा होते ते असे: मूळ गोष्टीत हरलेला माणूस नव्या गोष्टीत जिंकतो, जुलूम करणाऱ्याला शिक्षा होते, टाळ्या पडतात आणि सगळे समाधानाने घरी जातात.

या समाधानाबद्दल आम्हाला थोडे बोलायचे आहे. गोष्ट दुसऱ्या बाजूने सांगणे हे आपल्या समाजासाठी मोठे हत्यार आहे. ज्यांच्याबद्दल शतकानुशतके दुसऱ्यांनीच लिहिले, त्यांना स्वतःच्या तोंडाने बोलता येणे ही साधी गोष्ट नाही. पण हत्यार कसे धरायचे हे कळले नाही तर ते आपल्यालाच लागते. म्हणून एका प्रसिद्ध कथेच्या आधाराने हे काम कसे करायचे, कुठे जपायचे आणि त्यातून काय मिळवायचे, हे इथे उलगडून सांगत आहोत.

कथा आहे प्रेमचंदांची ‘ठाकुर का कुआँ’. साल 1932.

कथा काय आहे?

उत्तर हिंदुस्थानातले एक खेडे. जोखू बरेच दिवस आजारी आहे. तो तांब्या तोंडाला लावतो तर पाण्याला घाण वास. त्याची बायको गंगी रोज लांबच्या विहिरीवरून पाणी आणते. काल पाणी चांगले होते, आज वास येतो. म्हणजे विहिरीत एखादे जनावर पडून मेले असणार. खराब पाण्याने दुखणे वाढेल एवढे गंगीला कळते. पाणी उकळून घेतले तर पिता येईल, हे मात्र तिला ठाऊक नाही. गावात आणखी दोन विहिरी आहेत, एक ठाकुराची आणि एक सावकाराची. दोन्हीकडे त्यांना पाणी भरायला मनाई.

गंगी म्हणते, मी ठाकुराच्या विहिरीवरून आणते. जोखू म्हणतो, हातपाय मोडून घेशील, गप्प बस. तरी ती रात्री नऊच्या सुमाराला निघते. ठाकुराच्या दारात पाच-दहा रिकामटेकडे बसले आहेत. कुठल्या खटल्यात ठाणेदाराला कसे पैसे चारले, निकालाची नक्कल कशी मिळवली, अशा फुशारकीच्या गप्पा चालल्या आहेत. चिमणीच्या मिणमिणत्या उजेडात गंगी विहिरीच्या आडोशाला दबा धरून बसते. मनात विचार येतात: हे लोक उच्च कसे? गळ्यात जानवे आहे म्हणून? हाच ठाकूर मेंढपाळाची मेंढी चोरून खातो, पंडिताच्या घरी बारमाही जुगार चालतो, सावकार तुपात तेल मिसळतो. बेगार केली नाही म्हणून यांनी महंगूला इतके मारले की तो कित्येक महिने रक्त ओकत होता.

पावले वाजतात. गंगी झाडाच्या अंधारात लपते. दोन बायका पाणी भरायला येतात. पुरुष जेवायला बसले की ताज्या पाण्याचा हुकूम सोडतात, स्वतः उठून कळशी भरत नाहीत, आपण काय मोलकरणी आहोत का, असे बोलत पाणी भरतात आणि जातात. मग गंगी विहिरीवर चढते. घागरीला दोर बांधते, आवाज न करता आत सोडते, भराभर ओढते. घागर काठापर्यंत येते. ती वाकून धरणार एवढ्यात ठाकुराचा दरवाजा उघडतो. दोर हातातून सुटतो, घागर धाडकन पाण्यात पडते. “कोण आहे?” म्हणत ठाकूर येतो. गंगी उडी मारून पळते. घरी येऊन पाहते तर जोखू तांब्या तोंडाला लावून तेच घाणेरडे पाणी पितो आहे.

कथा इथे संपते. फार छोटी कथा आहे, पण एकदा वाचली की विसरता येत नाही.

मग अडचण कुठे आहे?

प्रेमचंदांच्या हेतूबद्दल आम्हाला शंका घ्यायची नाही. त्या काळात सवर्ण घरात जन्मलेल्या लेखकाने गंगीच्या मनात हे प्रश्न घातले, ठाकूर, पंडित आणि सावकार यांची पदवी अशी सोलून काढली, हे मोठेच काम आहे. अडचण वाचनाची आहे. वर्गात ही कथा वाचली जाते तेव्हा बाकीची मुले हळहळतात. त्या वर्गात आपले मूल बसलेले असते. त्याच्या वाट्याला येते पळणारी गंगी आणि घाण पाणी पिणारा जोखू. दया दुसऱ्याला वाटते, लाज आपल्या मुलाला वाटते.

आणि इतिहास पाहा. ही कथा छापली गेली त्याच्या पाच वर्षे आधी, 20 मार्च 1927 रोजी, महाडला हजारो माणसे रांगेने चवदार तळ्यावर गेली होती आणि बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले होते. गंगी गेली रात्री, एकटी, लपून. महाडचे लोक गेले दिवसा, एकत्र, सांगून. 1932 हे तर पुणे कराराचे वर्ष. म्हणजे गंगी ज्या देशात अंधारात घागर सोडत होती, त्याच देशात तिच्यासारखी माणसे सत्याग्रह करत होती, परिषदा भरवत होती, स्वतःचे प्रतिनिधी स्वतः निवडण्याचा हक्क मागत होती. कथेत यातले काही येत नाही. प्रत्येक कथेने सगळे सांगावे असे नाही; पण जे आले नाही ते विचारण्याचा हक्क वाचकाला आहे.

हिंदीतल्या दलित लेखकांनी तो बजावला आहे. प्रेमचंदांच्या ‘कफन’बद्दल त्यांनी तीव्र आक्षेप घेतले. त्या कथेत बाळंतवेणांत तडफडून मरणाऱ्या बुधियाच्या तोंडी एकही वाक्य नाही. आपल्याला ऐकू येते ते फक्त तिचे कण्हणे. ओमप्रकाश वाल्मीकि यांनी ‘ठाकुर का कुआँ’ हेच नाव घेऊन कविता लिहिली. 2023 च्या सप्टेंबरमध्ये महिला आरक्षणाच्या चर्चेत खासदार मनोज झा यांनी ती राज्यसभेत वाचली आणि त्यावरून बिहारच्या राजकारणात किती गदारोळ झाला, हे अनेकांना आठवत असेल. विहीर जुनी असली तरी प्रश्न जुना झालेला नाही, हे त्यातून दिसलेच.

बाजू बदलणे म्हणजे नेमके काय बदलणे?

अनेकांना वाटते, ‘ती’ च्या जागी ‘मी’ घातले की झाले. “गंगी विहिरीवर चढली” च्या ऐवजी “मी विहिरीवर चढले”. याने काहीच बदलत नाही. मूळ कथा आधीच बरीचशी गंगीच्या डोळ्यांनी सांगितलेली आहे. बाजू बदलणे म्हणजे डोळ्यांची जागा बदलणे. डोळे दुसरीकडे गेले की तीन गोष्टी बदलतात: काय दिसते, काय दिसत नाही, आणि दिसले त्याचा अर्थ काय लागतो. घटना त्याच राहतात, अर्थ पालटतो.

याचे फार जुने आणि आपल्या परंपरेतलेच उदाहरण आहे. तेही विहिरीवरचेच.

दिव्यावदानातले शार्दूलकर्णावदान. श्रावस्तीत भिक्षाटन करून परतणारा आनंद तहानलेला आहे. विहिरीवर मातंगकन्या प्रकृती पाणी भरते आहे. तो पाणी मागतो. ती सांगते, मी मातंगाची मुलगी आहे. तो म्हणतो, मी तुझे कुळ किंवा जात विचारली नाही, पाणी मागितले. ती पाणी देते आणि त्याच्या प्रेमात पडते. तिची आई मंत्राने आनंदाला ओढून आणते, तथागत त्याला सोडवतात. प्रकृती तथागतांकडे जाते, उपदेश ऐकते आणि भिक्खुणी होते. चांडाळ कन्येला संघात घेतले म्हणून श्रावस्तीतले ब्राह्मण आणि राजा प्रसेनजित अस्वस्थ होतात. तेव्हा तथागत पूर्वजन्मीची कथा सांगतात. त्यात मातंगांचा राजा त्रिशंकू आपल्या मुलासाठी पुष्करसारी या विद्वान ब्राह्मणाची मुलगी मागतो, आणि जातिभेद कसा निराधार आहे हे मुद्देसूद वादात सिद्ध करतो. शेवटी कोण कोण होते ते तथागत उघड करतात: तो त्रिशंकू म्हणजे मी, आणि ती ब्राह्मणकन्या म्हणजे ही प्रकृती. आज जिला चांडाळ म्हणून हिणवता, तीच त्या जन्मी ब्राह्मणाची मुलगी होती! जातककथांच्या शेवटीही अशी ओळख पटवलेली असते. ऐकणाऱ्याला मागे जाऊन सगळी गोष्ट वेगळ्या डोळ्यांनी पाहावी लागते.

रवींद्रनाथ टागोरांनी हीच कथा 1933 मध्ये ‘चंडालिका’ या नाटकात प्रकृतीच्या बाजूने सांगितली. मूळ कथेत मध्यभागी आनंदावरचे संकट आहे. टागोरांच्या नाटकात मध्यभागी प्रकृतीचे मन आहे. माणूस म्हणून कुणीतरी आपल्याकडे पाणी मागितले, या एका घटनेने तिच्या आत काय उलथापालथ झाली, हे ती आईला सांगते. हा बदल फार मोलाचा आहे. अवदानात प्रकृती मोहात पडलेली मुलगी होती, नाटकात ती जागी झालेली माणूस आहे.

पण त्यात हरवले काय, तेही पाहिले पाहिजे. नाटकात त्रिशंकूचा तो वाद नाही. ब्राह्मणांची आणि राजाची अस्वस्थता नाही. तथागत रंगमंचावर येत नाहीत आणि प्रकृतीचा संघप्रवेशही नाही. म्हणजे प्रकृतीला मन मिळाले, पण जातीविरुद्धचा युक्तिवाद गेला आणि तिला मिळालेली संघातली बरोबरीची जागाही गेली. गोष्ट दुसऱ्या बाजूने सांगताना काही मिळते आणि काही सुटते. सांगणाऱ्याने काय सुटते आहे याचा हिशोब ठेवला पाहिजे.

आता पुन्हा गंगीच्या गावात येऊ.

तीन तोंडे, एकच रात्र

ही कथा दुसऱ्या कुणाच्या तोंडून सांगता येईल? आम्हाला तीन माणसे दिसतात.

पहिला जोखू. मूळ कथेत तो तहानलेला, भित्रा, शेवटी घाण पाणी पिणारा माणूस आहे. गंगी गेल्यापासून परत येईपर्यंत तो काय करत होता, हे कथा सांगत नाही, कारण कथा गंगीबरोबर विहिरीवर गेलेली असते. तो अंधारात पडून आहे. त्या मधल्या वेळात शिरता येते. समजा, तो दुसऱ्या दिवशी गंगीशी असे बोलला:

“तू निघालीस तेव्हा तोंडाने अडवले, पण उठून दारात आडवा झालो नाही. उठवत नव्हते हे खरे. आणि पाणी हवे होते, हेही खरे. तू गेल्यावर कान लावून पडलो. महंगूला मारले तेव्हा त्याचे ओरडणे आपल्या दारापर्यंत आले होते. म्हणून म्हटले, जोवर काही ऐकू येत नाही तोवर तू धड आहेस. मग कुणीतरी ओरडले. ‘कोण आहे’ म्हणाले की दुसरेच काही, ते कळले नाही. मी तांब्या उचलला. नाकही दाबले नाही. तू दारात उभी राहून बघत होतीस, तेव्हा तुला वाटले असेल, या माणसाला घटकाभरही दम निघाला नाही. गंगी, तहान होती, पण तहानेने नाही प्यायलो. तू परत आलीस तर तुला पुन्हा जावे लागू नये, म्हणून प्यायलो.”

यात कथेतली एकही घटना बदललेली नाही. घागर पडलीच, गंगी पळालीच, जोखू तेच पाणी प्यायला. फक्त शेवटच्या कृतीचा अर्थ बदलला. मूळ कथेत ते पिणे म्हणजे हार होती. इथे ते एका आजारी माणसाला त्या घटकेला बायकोसाठी करता येण्यासारखे एकच काम आहे. वाचकाला त्याची दया येत नाही, त्याचा आदर वाटतो. आणि संताप योग्य जागी जातो: नवऱ्याने बायकोवरची माया दाखवायची तर सडके पाणी प्यायला हवे, अशी व्यवस्था कुणी केली?

दुसरे तोंड त्या दोन बायकांपैकी एकीचे. नवरे हुकूम सोडतात, आपण मोलकरणीसारख्या राबतो, हे त्यांचे दुःख खोटे नाही. पण त्या हे बोलतात ते विहिरीवर उभ्या राहून, आणि काही पावलांवर झाडाखाली अशी बाई लपली आहे जिला त्या विहिरीवर चढायलाच बंदी आहे. एकीला पाणी भरावे लागते याचा त्रास, दुसरीला पाणी भरू देत नाहीत याचा त्रास. दोन्ही त्रास एकाच घरातून येतात. जात टिकवायची तर बाईवर ताबा ठेवावा लागतो, हे बाबासाहेबांनी 1916 मध्येच ‘कास्ट्स इन इंडिया’ या निबंधात दाखवून दिले होते. या बाईच्या तोंडून कथा सांगताना तिला झाडाखालची सावली दिसली होती का, हा खरा प्रश्न आहे. दिसली आणि ती गप्प राहिली, तर का? ओरडली नाही हे उपकार, की सोबत पाणी भरू दिले नाही हा अपराध? इथे मोह होतो तो तिला उद्धारकर्ती करण्याचा, म्हणजे तीच गंगीची घागर भरून देते असे दाखवण्याचा. तसे केले की गोष्ट पुन्हा सवर्णाच्या चांगुलपणाची होते आणि गंगी पुन्हा ओंजळ पसरून उभी राहते.

तिसरे तोंड ठाकुराचे. हे सगळ्यांत अवघड. त्याला राक्षस करून बोलायला लावले तर काहीच कळत नाही, कारण राक्षस गावात राहत नाहीत. ठाकूर स्वतःच्या मते सज्जनच आहे. तो ‘विहीर माझी आहे’ म्हणेल. ‘परंपरा आहे’ म्हणेल. ‘पाणी मागितले असते तर दिले नसते का’ असेही म्हणेल. तो कोर्ट, ठाणे, नक्कल हे सगळे जाणतो. त्याच्या शांत, समजूतदार बोलण्यातूनच वाचकाच्या अंगावर काटा आला पाहिजे.

हे कल्पनेतले नाही. महाडला नेमके असेच घडले. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत, हा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात 1923 साली झाला होता आणि महाड नगरपालिकेने आपले तळे खुले असल्याचेही ठरवले होते. तरी सत्याग्रहानंतर मारहाण झाली आणि पंचगव्य ओतून तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले. पुढे विरोधक लाठी घेऊन नव्हे तर कागद घेऊन कोर्टात गेले. त्यांचे म्हणणे होते, तळे सार्वजनिक नाही, खासगी आहे. त्या दाव्यातल्या तात्पुरत्या मनाईमुळे डिसेंबर 1927 च्या परिषदेत पुन्हा तळ्यावर जाता आले नाही. त्या परिषदेत 25 डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. खटला चालत राहिला आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल आपल्या बाजूने दिला. ओंजळभर पाण्याला कायद्याची मोहोर लागायला दहा वर्षे लागली. ठाकुराच्या तोंडून कथा सांगणाऱ्याने आधी ही कागदपत्रांची भाषा शिकली पाहिजे. जात फक्त शिवीत नसते, ती ‘मालकी’, ‘वहिवाट’, ‘रूढी’ अशा सभ्य शब्दांतही असते.

काय पाळायचे?

हे काम विहारात, वाचनगटात किंवा घरी मुलांबरोबर करायचे असेल तर काही साध्या गोष्टी पाळाव्यात, असे आम्हाला वाटते.

मूळ कथा आधी पूर्ण वाचा, सारांशावर भागवू नका. ‘ठाकुर का कुआँ’ मोठ्याने वाचायला फार वेळ लागत नाही. ज्याने मूळ वाचले नाही त्याला बाजू बदलल्याचे कळणारही नाही.

मग दोन याद्या करा. एका यादीत कथेतल्या पक्क्या घटना: घाण पाणी, रात्रीचे नऊ, दाराशी बसलेले लोक, दोन बायका, दोर, दरवाजा, तांब्या. या बदलायच्या नाहीत. दुसऱ्या यादीत कथेने न सांगितलेल्या गोष्टी: जोखूचा मधला वेळ, बायका घरी गेल्यावर काय झाले, पाण्यात पडलेली घागर आणि दोर. तुमची गोष्ट दुसऱ्या यादीत आहे.

बोलणारे पात्र कुणाशी बोलते आणि कधी, ते ठरवा. जोखू गंगीशी बोलेल ते वेगळे, जातभाईंसमोर बोलेल ते वेगळे, ठाणेदारासमोर बोलेल ते आणखी वेगळे. ऐकणारा बदलला की माणूस काय लपवतो तेही बदलते.

पात्राला ठाऊक नसलेले त्याच्या तोंडी घालू नका. जोखूला संविधान ठाऊक असणार नाही. 1932 मध्ये ते नव्हतेच. त्याला भाषण करायला लावू नका. आज संविधानाचे कलम 15 विहिरी, तळी आणि घाट यांचा नावानिशी उल्लेख करते. ते ‘विहिरी’ हे शब्द तिथे का आले, हे गोष्ट सांगून झाल्यावर चर्चेत सांगा. मुले ते कधी विसरणार नाहीत.

आणि सर्वांत महत्त्वाचे, गंगीची घागर भरून देऊ नका.

का देऊ नये?

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. आमच्या मुलांनी किती दिवस हरण्याच्याच गोष्टी वाचायच्या? एकदा तरी गंगीला पाणी मिळू द्या की! दलित साहित्याने नकार शिकवला, विद्रोह शिकवला, मग गोष्टीचा शेवट बदलण्याचाच हक्क का नको?

हक्क आहे. हिंदीत अजय नावरिया यांनी ‘उत्तरकथा’मध्ये प्रेमचंदांच्या पात्रांना वेगळे आयुष्य दिले आहे, आणि तसे लिहिणे गरजेचे होते. पण ती पुढची गोष्ट आहे, स्वतंत्र गोष्ट आहे. त्या रात्रीची घागर मात्र आपण कागदावर भरून दिली तर दोन नुकसाने होतात. पहिले, ज्यांनी ती बंदी घातली त्यांचा अपराध पुसला जातो. वाचक म्हणतो, चला, शेवटी मिळाले ना पाणी. दुसरे, महाड अनावश्यक होते. एकटी बाई रात्री धीटपणे गेली आणि पाणी घेऊन आली, एवढ्याने प्रश्न सुटत असेल तर हजारो लोकांनी तळ्यावर चालत जायची, मार खायची आणि दहा वर्षे कोर्टात झगडायची गरजच काय होती? गंगीकडे हिंमत भरपूर होती. नव्हती ती संघटना. कथेतली घागर पडते तेव्हा हेच कळते, म्हणून ती पडू द्यायला हवी.

बाबासाहेबांनी महाडला स्पष्ट केले होते की, ही चढाई केवळ पाण्यासाठी नाही, आपणही इतरांसारखी माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी आहे. गोष्ट दुसऱ्या बाजूने सांगण्याचा हेतूही तोच असावा. जोखू माणूस आहे हे दाखवायला तो जिंकायला हवा असे नाही. तो काय विचार करत होता, कशाला भीत होता, कुणासाठी काय करत होता, हे कळले की पुरते. पराभवातही माणूस पूर्ण माणूस असतो, हे ज्याला दाखवता आले त्याने दयेचा धंदा बंद केला.

येत्या 20 मार्चच्या कार्यक्रमात भाषणांच्या जोडीला हा एक प्रयोग करून पाहावा, अशी आमची सूचना आहे. आधी मूळ कथा वाचावी. मग तिघांनी पाच-पाच मिनिटे बोलावे: एकाने जोखू म्हणून, एकीने विहिरीवरची बाई म्हणून, एकाने ठाकूर म्हणून. मुलांना शेवटी एकच प्रश्न द्यावा: दुसऱ्या दिवशी सकाळी ठाकुराच्या विहिरीत घागर आणि दोर सापडला, आता गाव काय करेल आणि आपली वस्ती काय करेल? या प्रश्नाचे उत्तर प्रेमचंदांनी लिहिलेले नाही. मुले जे लिहून आणतील ते जपून ठेवा. आपली वस्ती एकत्र येते की घागर कुणाची तेच नाकारते, यावरून आपण महाडपासून किती शिकलो ते आपल्यालाच कळेल.

जय भीम! नमो बुद्धाय!